बालगृहातले 60 तास : विद्यार्थी काय शिकतात आणि मुलांच्या पदरात काय पडतं?

(कोल्हापुरातली एक चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

खडूफळा

पदवीच्या नव्या रचनेत सामुदायिक सहभागाला 2 क्रेडिट (श्रेयांक) आहेत. क्षेत्रकामाचं एक क्रेडिट 30 तासांचं, म्हणजे एकूण 60 तास. एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) वर्षाचे 120 तास वेगळेच. हे तास भरायचे म्हटलं की कोल्हापुरात बालगृहाचं नाव लगेच निघतं. माझं म्हणणं असं की एका दिवसाची भेट, खाऊवाटप, दोन गाणी आणि सामूहिक फोटो याला एकही तास देऊ नये. त्यातून विद्यार्थी दया दाखवायला शिकतो आणि मुलं पाहुण्यांसमोर रांगेत बसून टाळ्या वाजवायला शिकतात.

तास द्यायचेच तर त्यांची फोड अशी करा. आठवड्यातून दोन दिवस दीड-दीड तास, 14 आठवडे, हे झाले 42. सुरुवातीचं प्रशिक्षण 6 तास. दर आठवड्याला अर्धा तास शिक्षकांसोबत नोंदवहीवर चर्चा, म्हणजे 7. शेवटचा अहवाल आणि पुढच्या तुकडीला काम सोपवणं, 5. बेरीज 60.

सहा विद्यार्थी, वीस मुलं. पाच विद्यार्थ्यांकडे चार-चार मुलांचा गट आणि सहावा राखीव. राखीव माणूस लागतोच, कारण ठरलेल्या दिवशी ताई-दादा आले नाहीत की त्या चार मुलांची संध्याकाळ वाया जाते, आणि मोठी माणसं शब्द पाळत नाहीत हा त्यांचा जुना अनुभव आणखी पक्का होतो.

काम एकच ठेवा, वाचन किंवा गणित. गट इयत्तेप्रमाणे पाडू नका. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला एकट्याला बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या क्रमाने वाचायला द्या आणि जिथे अडेल तिथून सुरुवात करा. सहावीतलं मूल जोडाक्षरावर अडू शकतं, कारण मधली दोन वर्षं त्याची शाळाच झालेली नसते. आणखी एक, सीमाभागातलं मूल गप्प बसलं म्हणून त्याला ‘ढ’ ठरवू नका. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाला प्रश्नच कळलेला नसतो. गणिताला शंभर चिंचोके आणि दहा-दहाच्या काड्यांच्या जुड्या पुरतात. हातच्याची वजाबाकी करताना मुलाने जुडी स्वतः सोडली पाहिजे. विद्यार्थ्याने सोडून दाखवली तर ते फक्त बघत राहतं.

एवढं केल्यावर विद्यार्थ्याला एक गोष्ट नक्की कळते. चांगल्या मनाने गेलं तरी तयारी नसेल तर दीड तासात हाती काही लागत नाही.

दसराचौक

योजना चांगली आहे, पण एका दिवसाच्या भेटीला तुम्ही फार कडक शिक्षा करताय. हे शाहू महाराजांचं गाव आहे. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं आणि पुढे एकेका समाजाची वसतिगृहं झाली. ती चालली ती गावाने आपली मानली म्हणून. गावातली पोरं आत जाणं-येणं हा त्याच परंपरेचा भाग आहे.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. ज्या संस्थेत बाहेरचं माणूस येत नाही, तिथे काय चाललंय ते बाहेर कळत नाही. कायद्याने तपासणी समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी यायचं असतं. मग मधल्या दिवसांत नजर कोणाची? सहा निवडक विद्यार्थीच जायचे म्हटलं तर उरलेल्या हजार जणांनी त्या फाटकाच्या आत कधी पाऊलच टाकायचं नाही का? खेड्यातून आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला बालगृह म्हणजे काय हे एकदा बघूनही पुष्कळ कळतं.

उंबरा

दसराचौक, बोर्डिंगचं उदाहरण इथे लागू पडत नाही. बोर्डिंगमधला मुलगा शिकायला आलेला असायचा, आई-वडिलांनी धाडलेला. बालगृहातलं मूल बालकल्याण समितीच्या, म्हणजे मुलाने कुठे राहायचं हे कायद्याने ठरवणाऱ्या समितीच्या, आदेशाने आलेलं असतं. त्यातल्या अनेकांना आई किंवा वडील आहेत. आजार, दारू, स्थलांतर, घरातली मारहाण, एकट्या बाईवर पडलेला संसार अशी कारणं असतात. 2015 चा बाल न्याय कायदा संस्थेला शेवटचा पर्याय मानतो आणि घराला पहिला. ‘अनाथ मुलांना भेटायला आलोय’ असं म्हणत पाहुणे आत आले की ज्या मुलाची आई दर महिन्याला येते त्याला काय वाटत असेल, याचा विचार करा.

नजरेचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. पण काय बघायचं आणि कोणाला सांगायचं हे माहीत असेल तरच त्या नजरेचा उपयोग. एका दिवसाच्या पाहुण्याला पताका लावलेला हॉल दिसतो. आठवड्यातून दोनदा येणाऱ्याला कळतं की गेल्या सोमवारपासून एक मूल जेवत नाही, किंवा एका वहीवर दुसऱ्याच मुलाचं अक्षर आहे.

त्यासाठी प्रशिक्षणाच्या 6 तासांतला पूर्ण एक तास याला द्या. मुलाने काही सांगितलं तर उलटतपासणी करायची नाही. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहायचे आणि त्याच दिवशी अधीक्षकांना द्यायचे. तक्रार कर्मचाऱ्याविरुद्ध असेल तर थेट बालकल्याण समिती किंवा 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांकडे कळवणं बंधनकारक आहे. ‘कॉलेजच्या पुढच्या बैठकीत विषय घेऊ’ हे तिथे चालत नाही.

आणि फोटो. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे मुलाची ओळख उघड होईल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. नाव, पत्ता, शाळा, चेहरा, सगळं त्यात आलं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेहरा धूसर केला तरी गणवेशावरचा शाळेचा बिल्ला दिसतो, मागचा फलक दिसतो. अहवालाला फोटो लागतोच असं कॉलेजचं म्हणणं असेल तर भरलेल्या नोंदवहीच्या पानाचा लावा, तोही मुलांना क-1, क-2 असे संकेत दिलेला.

तालीमकट्टा

एवढे नियम केल्यावर जाणार कोण? लोक लई मायेनं आणतात. कुणाचा वाढदिवस, कुणाचं वर्षश्राद्ध, कुणाच्या लग्नातलं जेवण. कॉलेजची पोरंसुद्धा खिशातले पन्नास-शंभर काढून खाऊ नेतात. त्यातनं पोरगं द्यायला शिकतं की. ते बंद पाडलं तर उद्या संस्थेला लागंल तवा गाव मागं उभं राहील का?

उंबरा

गाव मागे उभं राहावं म्हणूनच सांगते. लग्नातलं उरलेलं जेवण शक्यतो घेऊच नये. तासन् तास उघड्यावर राहिलेल्या भातात जंतूंचं विष तयार होतं आणि ते पुन्हा गरम केल्यावरही जात नाही. एका घरात दोघांना उलट्या होणं वेगळं आणि एका रात्रीत चाळीस मुलांना होणं वेगळं.

वस्तूंचं म्हणाल तर दिवाळीत फराळाचे डबे एवढे येतात की ठेवायला जागा नसते आणि जूनमध्ये कपाट रिकामं असतं. जूनमध्ये काय लागतं? मापाचे शाळेचे बूट, मोजे, रेनकोट, मुलींसाठी सॅनिटरी पॅड, नेलकटर, उवांच्या फण्या. विद्यार्थ्यांना देणं शिकवायचंय ना? मग मे महिन्याच्या अखेरीस त्यांना प्रत्येक मुलाचं पाऊल कागदावर आखून घ्यायला लावा. आडवं-उभं माप, मुलाचा संकेत क्रमांक, आणि पुढे अर्धा इंच जागा सोडून बुटाचा नंबर. ती यादी घेऊन पेठेतल्या मंडळांकडे, तालमींकडे जाऊ द्या. ‘काहीतरी द्या’ आणि ‘4 नंबरचे काळे बूट सात जोड द्या’ यातला फरक कळणं हे मोठं शिक्षण आहे. तालमीसुद्धा अशा यादीला नाही म्हणणार नाहीत.

तालीमकट्टा

यादीचं पटलं. यादी असली की देणाऱ्यालाबी बरं पडतंय. वाढदिवसाचं मात्र मला अजून पटलेलं नाही. केक कापला तर बिघडलं कुठं?

मधलीसुट्टी

बिघडतं ते असं. बाहेरच्या मुलाचा केक त्याच्या आई-बाबांसोबत कापला जातो आणि आतली मुलं ते बघतात. त्यापेक्षा महिन्यातून एकदा संस्थेतल्याच मुलांचा एकत्र वाढदिवस करा आणि खर्च देणाऱ्याने द्यावा. ज्या मुलाची जन्मतारीख कागदावर अंदाजाने लिहिलेली असते, त्यालाही त्यात जागा मिळते.

माझा खरा आक्षेप खडूफळांना आहे. क्रेडिट म्हटलं की गुण आले, आणि गुण ठेवलेत की सगळं बिघडतं. ‘मी काय शिकलो’ या निबंधाला दहापैकी गुण मिळणार म्हटल्यावर विद्यार्थी मुलांच्या दुःखाच्या कहाण्या गोळा करत फिरतो. ‘तुझे आई-बाबा कुठे असतात?’ हा प्रश्न त्या निबंधापायीच विचारला जातो.

खडूफळा

निबंध रद्द करायला मी तयार आहे, गुण रद्द करायला नाही. गुण नसतील तर चौथ्या आठवड्यानंतर कोणी येत नाही आणि त्याची किंमत मुलं मोजतात. गुण कशाला द्यायचे ते बदला. वेळेवर हजेरी, रोजच्या तीन ओळी (आज काय केलं, कुठे अडलं, पुढच्या वेळी काय), आणि पुढच्या तुकडीसाठी लिहिलेलं सोपवणी-पान. मुलाच्या घरच्या माहितीचं एक वाक्य जरी आलं तरी गुण कापायचे.

चौथातास

समाजकार्याच्या बाजूने बोलतो. तुम्ही सगळे एक गोष्ट गृहीत धरताय, की विद्यार्थ्याने मुलांजवळ जायलाच हवं. मला ते मान्य नाही. ज्या मुलाचं घर एकदा सुटलंय, त्याला 14 आठवडे जीव लावायचा आणि सत्र संपलं की गायब व्हायचं, हे तुमच्या नीटनेटक्या योजनेतही होणारच. उलट एक दिवसाचा पाहुणा निदान जीव तरी लावत नाही. वाचन शिकवायला विद्यार्थी हवेत, पण मला विचाराल तर निम्मे विद्यार्थी मुलांच्या समोर न येता कामाला लागावेत. ग्रंथालयातली पुस्तकं वयाप्रमाणे लावणं, फाटलेली शिवणं, धान्याचा साठा आणि तारखा तपासणं, सायकली दुरुस्त करणं, बूट-कपड्यांची नोंद ठेवणं, अशी कामं रोज पडून असतात.

आणि सोळा ते अठरा वयाच्या मुलांकडे कोणाचंच लक्ष नाही. त्यांना खाऊ नको असतो, गोष्टही नको असते. अठरा पूर्ण झाल्यावर कुठे राहायचं हा त्यांचा प्रश्न असतो. एकवीसपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे, पण तोवर बँक खातं, आधार, शाळा सोडल्याचा दाखला हातात असायला हवा. अनाथ प्रमाणपत्र मिळू शकणाऱ्या मुलांना राज्यात 2018 पासून 1 टक्का समांतर आरक्षण आहे, त्याचे कागद वेळेत लागतात. आयटीआयचा प्रवेश ऑनलाइन, आणि त्याची तारीख कोणासाठी थांबत नाही. कॉलेजच्या पोरांना हे अर्ज भरण्याचा ताजा अनुभव असतो.

उंबरा

मोठ्या मुलांबद्दल अगदी बरोबर. एवढंच बघा की अर्ज मुलाच्या खऱ्या माहितीचा असतो, त्यामुळे तो संस्थेच्या माणसासमोर मुलाने स्वतः भरायचा. विद्यार्थ्याने नमुना अर्जावर सराव करून घ्यायचा आणि कागद कोणत्या क्रमाने लावायचे ते दाखवायचं. पासवर्ड, ओटीपी विद्यार्थ्याच्या मोबाइलवर येता कामा नये. शिवाय अठरा-एकोणीसचा विद्यार्थी आणि सतराची मुलगी यांच्या वयात अंतर नसतं. मोठ्या मुलींच्या गटाला विद्यार्थिनीच हव्यात आणि काम उघड्या हॉलमध्येच व्हायला हवं.

जीव लावण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. मुलांना निरोप नीट घेता येतो. त्यांना सोसत नाही ते न सांगता जाणं. शेवटच्या दिवसाच्या तीन आठवडे आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती तारीख मुलांच्याच हाताने लिहून घ्यायची. ‘पुन्हा येईन’ म्हणायचं नाही, फोन नंबर द्यायचा नाही, एकट्या मुलाला भेट द्यायची नाही. पुढचा विद्यार्थी शेवटच्या दोन खेपांना सोबत आणायचा.

उलटंही घडतं, आणि त्याची तयारी कोणीच करत नाही. सोमवारी गटात चार मुलं असतात, गुरुवारी तीन. चौथं समितीच्या आदेशाने घरी गेलेलं असतं. कुठे गेलं हे विद्यार्थ्याला सांगितलं जात नाही आणि त्याने विचारायचंही नसतं. आपला वाचनाचा धडा अर्धा राहिला याचं त्याला वाईट वाटतं. पण मूल घरी जाणं हाच या सगळ्या व्यवस्थेचा हेतू आहे.

दसराचौक

हे शेवटचं वाचून माझं मत थोडं हललं. तरीही पहिली भेट ठेवाच, प्रशिक्षणाचा भाग म्हणून. मुलं शाळेत असताना दुपारी जायचं आणि स्वयंपाकघर, कोठार, नोंदवह्या बघायच्या. त्यात कोणाचं प्रदर्शन होत नाही आणि हजार जणांनाही बघायला मिळतं. आणखी एक करा. काय शिकवायचं ते कॉलेजने एकट्याने ठरवू नये. संस्थेत 6 ते 10, 11 ते 15 आणि 16 ते 18 अशा वयोगटांच्या मुलांच्या समित्या असायला हव्यात असं नियमच सांगतो. त्यांना विचारा. त्यांना गणिताऐवजी कबड्डी हवी असेल तर?

खडूफळा

दुपारची भेट मान्य, पण त्याचे तास 6 मध्येच धरा. समित्यांचंही मान्य. कबड्डी मागितली तर दीड तासातला अर्धा तास कबड्डीला.

पंचगंगाकाठ

सत्राबद्दल कोणीच बोललेलं नाही. जुलैमध्ये सुरू केलंत तर पहिल्या महिन्यातच योजना कोलमडेल. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला आलं की शिरोळ, हातकणंगले, करवीरच्या विद्यार्थ्यांचे रस्ते बंद व्हायला लागतात, आणि 43 च्या धोका पातळीला तर विचारूच नका. 2019 आणि 2021 चे महापूर आठवा. पुढे ऑक्टोबरमध्ये मुलांची सहामाही येते आणि त्याच सुमारास कॉलेजची परीक्षा. म्हणजे मुलांना खरी गरज असते तेव्हाच विद्यार्थी गायब.

त्यापेक्षा दुसऱ्या सत्रात, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा. 14 आठवडे मार्चच्या सुरुवातीला संपतात आणि मुलांची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये असते. विद्यार्थ्यांच्या चारित्र्य पडताळणीला वेळ लागतो, म्हणून अर्ज ऑक्टोबरमध्येच द्या. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांना पत्रही तेव्हाच द्या. राखीव विद्यार्थी शहरात राहणारा किंवा वसतिगृहातला निवडा, संध्याकाळच्या शेवटच्या एसटीवर अवलंबून असलेला नको.

चौथातास

डिसेंबर चालेल. मग बुटांच्या मापाचं काम मेमध्ये कोण करणार? तेव्हा कॉलेजला सुट्टी असते.

उंबरा

मार्चमधल्या सोपवणीतच माप घ्या आणि पुढे अर्ध्याऐवजी पाऊण इंच जागा सोडा. तीन महिन्यांत पाय वाढतात.