मदत हवी आहे: ॲल्युमिनियम ब्रॅकेटच्या बॉसमध्ये (गोल उंचवट्यात) पोकळी येतेय

फिरकी: वाळूच्या साच्यात ब्रॅकेट ओततोय. प्लेट ८ मिमी, तिच्यावर ४० व्यासाचा, ४५ उंच बॉस. बोअर (भोक) मारला की आत पोकळी. रायझर (गोठताना आकसणाऱ्या भागाला धातू पुरवणारा साठा) दिलाय तरी. गेट (धातू साच्यात शिरायची वाट) कुठे द्यायचा तेवढं सांगा, माल अडकलाय.

वाळूचाळण: मिश्रधातू कोणता? रायझर कुठे? पोकळीची भिंत गुळगुळीत की खरबरीत?

तापमापी: डिगॅसिंग करा (वितळलेल्या धातूतला वायू काढा), ७२० अंशांना ओता, विषय संपला. गोठताना ॲल्युमिनियम हायड्रोजन बाहेर टाकतं.

वाळूचाळण: संपला कसा? वायूची भोकं गोल, गुळगुळीत आणि सगळीकडे विखुरलेली असतात. इथे फक्त बॉस खराब होतोय.

साचेकार: पॅटर्नला (साचा घडवायच्या नमुन्याला) १.३ टक्के आकुंचन आणि दीड अंश ड्राफ्ट (सुटायला दिलेला उतार) दिलाय ना? लाकडी असेल तर शेलॅकचे दोन हात मारा.

फिरकी: पॅटर्न छान सुटतो हो. मिश्रधातू एलएम २५ आहे, भिंत खरबरीत. रायझर प्लेटच्या कडेला, कापायला सोपा म्हणून. गेट त्याच्यातूनच.

वाळूचाळण: मग झालंच की! खरबरीत भिंत म्हणजे धातू आकसल्याची पोकळी. ८ ची प्लेट आधी गोठते, रायझरची वाट बंद होते, बॉस उपाशी. रायझर बॉसच्या डोक्यावर घ्या, ५० व्यास, ७५ उंच. बॉसचं मॉड्युलस (घनफळ भागिले पृष्ठफळ; जास्त तितकं उशिरा गोठतं) साधारण ६.९ मिमी, या रायझरचं ९.४. निदान १.२ पट लागतं, ते भागतं.

गारगोटी: एवढा रायझर कशाला? बॉसखाली लोखंडी चिल (उष्णता ओढून घेणारा तुकडा) लावा.

वाळूचाळण: चिल धातू पुरवत नाही, गोठायचा क्रम तेवढा बदलतं. सोबत लावा हवं तर, पण कोरडं आणि कोमट. दमट असेल तर ब्लो होल (वायूचं भोक) ठरलेलं.

तापमापी: आणि गेट? १५० मिमी स्प्रूच्या (धातू ओतायच्या उभ्या वाटेच्या) तळाशी धातूचा वेग १.७ मीटर प्रतिसेकंद होतो, गेटवर ०.५ च्या आत हवा. स्प्रू, रनर (स्प्रूपासून गेटपर्यंतची आडवी वाट) आणि गेट यांच्या छेदांचं गुणोत्तर १:२:४ ठेवा. नाहीतर धातूवरचा ऑक्साइडचा पापुद्रा दुमडून आत जातो.

गारगोटी: रनर भरलाच नाही तर गुणोत्तर कागदावरच. स्प्रू खाली निमुळता करा, रनर ड्रॅगमध्ये (साच्याच्या खालच्या भागात), गेट कोपमध्ये (वरच्या भागात), रनरमध्ये फोम फिल्टर. शेवटच्या गेटपुढे रनर थोडा लांबवा, पहिला गार, मळका धातू तिथे जाऊ दे.

फिरकी: बोअरला कोअर (भोकाच्या जागी ठेवायचा वाळूचा गाभा) टाकला तर रायझर लहान चालेल का?

वाळूचाळण: बोअर केवढा?