20 हजारांत इलेक्ट्रिक गिटार: पैसे गिटारवर घालायचे की अ‍ॅम्पवर?

रंकाळाकाठ
कोल्हापुरातच, घरी सराव करणाऱ्या नवशिक्यासाठी बोलतोय. माझं मत: 14-15 हजार गिटारला, उरलेले तिचा आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या डब्याला, म्हणजे अ‍ॅम्पला. अ‍ॅम्प पुढे बदलता येतो, पण वाकड्या नेकवर (गिटारचा दांडा) शिकलेल्या बोटांना लागलेली सवय सुटत नाही. यामाहा पॅसिफिका 012 च्या धर्तीची गिटार बघा: ब्रिजला (बॉडीवर तारा टेकतात तिथं) हमबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, बाकी दोन सिंगल कॉइल. पिकअप म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारा भाग. स्वच्छ टोनही मिळतो, डिस्टॉर्शनही (रॉकमधला फाटका आवाज) पेलतं. स्वस्तातला फ्लॉइड रोझ ब्रिज (स्प्रिंगवर तरंगणारा, तरफेनं सूर खाली-वर करणारा) मात्र घेऊच नका. एक तार तुटली की बाकीच्या पाचही सुरातून जातात.

शाहूपुरी_सहा_तारा
फ्लॉइड रोझचं शंभर टक्के मान्य, वाटणीचं अजिबात नाही. कानावर येतं ते स्पीकरमधून. 6 इंची स्पीकरच्या छोट्या डब्यात जाड तारेचा खर्ज पातळ होतो आणि गेन (सिग्नलचा जोर) वाढवला की डब्यात माशी अडकल्यासारखी नुसती गुणगुण. पोरगं कंटाळणारच. गिटार 10 हजारांच्या आत बसवा, हजारभर सेटअपला (गिटार नीट जुळवून घ्यायला) ठेवा आणि बाकीच्यात 8 इंची स्पीकरचा मॉडेलिंग (वेगवेगळ्या अ‍ॅम्पच्या आवाजांची नक्कल करणारा) अ‍ॅम्प घ्या, हेडफोन जॅकसकट. वॉटच्या आकड्यावर जाऊ नका. 10 चे 20 वॉट केले तरी फरक 3 डेसिबलचाच.

रंकाळाकाठ
सेटअपनं सगळं सुटतं हे मला पटत नाही. अ‍ॅक्शन (तारांची उंची), इंटोनेशन (नेकवर सगळीकडे सूर बरोबर येणं), ट्रस रॉड (नेकचा बाक जुळवणारी आतली सळई) हे जुळवता येतं, पण पिळलेली नेक सरळ होत नाही आणि वर-खाली बसलेले फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) घासून घ्यायचे तर स्वस्त गिटारवर तो खर्च परवडत नाही. म्हणून दुकानात अ‍ॅम्प लावायच्या आधी गिटार तपासा. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत साधारण पाव मिलिमीटर फट दिसली पाहिजे. नेकच्या कडेवरून बोट फिरवा, फ्रेटची टोकं टोचता कामा नयेत. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवायची. एकाच ठिकाणी खरखर आली तर त्याच्या पुढचा, बॉडीकडचा फ्रेट उंच आहे. ती गिटार परत ठेवा.

शाहूपुरी_सहा_तारा
तपासणीशी भांडण नाहीच. पण तेवढं तपासून 10 हजारांच्या आतही नीट गिटार निवडता येते, हेच तर म्हणतोय! ट्यून करताना 'टिंग' असा आवाज येऊन सूर उडी मारत असेल, तर तार नटच्या (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) खाचेत अडकतेय. मऊ पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा. बारावा फ्रेट दाबून येणारा सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसती स्पर्शून येणारा सूर) चढा असेल, तर सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो तुकडा) नेकपासून मागे घ्या. ही घरची कामं आहेत. स्पीकर घरी मोठा होत नाही.

पेठेतला_बेंड
मंगळवार पेठेत भिंतीला भिंत लागून घरं. तिथं अ‍ॅम्प वाजवणार कधी? संगणक असेल तर ऑडिओ इंटरफेस (गिटार संगणकाला जोडणारी पेटी) आणि हेडफोन घ्या. इंटरफेसला गिटारसाठीचं हाय-झेड (जास्त रोधाचं) इनपुट हवंच; साध्या लाइन इनपुटला लावलं की पिकअपवर भार पडून वरच्या सुरांची धार जाते. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारा) टाका, बफर (एका वेळी साठवून पुढे पाठवायचा आवाजाचा तुकडा) 128 सॅम्पलचा ठेवा. 48 किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला तो 2.7 मिलिसेकंदांचा होतो. इंटरफेसची थोडी भर पडते, तरी तेवढा उशीर हाताला जाणवत नाही.

रंकाळाकाठ
नवशिक्याला हे जड जातं. रोज वाजवायच्या आधी संगणक, ड्रायव्हर, सॉफ्टवेअर लावायचं म्हटलं की सराव राहतो. शिवाय लॅपटॉपच्या चार्जरची घरघर. तारांना हात लावल्यावर घरघर कमी झाली, तर आधी घरातलं अर्थिंग बघून घ्या. तीन पिनांचा प्लग दोन पिनांत घुसवू नका, त्यात शॉकचा धोका आहे.

शाहूपुरी_सहा_तारा
इथं मी तुमच्या बाजूचा. आणि वाटणी कशीही करा, तारांचा एक जादा संच बजेटमध्ये धरा, 9-42 चा (सर्वांत बारीक तार 0.009 इंच, सर्वांत जाड 0.042 इंच). आपल्याकडच्या पावसात तारा लवकर गंजतात. वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं पुसा, बॅगेत सिलिका जेल ठेवा. नेक हललीच, तर ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच फिरवा आणि पुढचा पाव फेरा दुसऱ्या दिवशी.