प्लॅटफॉर्म बदलत राहिले, तेव्हा तुम्ही काय केलंत?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅमेरा आणि एडिटिंग बऱ्यापैकी जमतं. राजारामपुरीतल्या दोन-तीन दुकानांची रील्स करून वरखर्च सुटतो. बाबांचं म्हणणं एकच, पदवी हातात पडली की स्पर्धा परीक्षेला बस.

मला व्हिडिओतच राहायचंय, पण कोणाच्या भरवशावर राहायचं ते कळत नाही. पहिल्या वर्षाला असताना सगळे सांगायचे की ओटीटीमध्ये (इंटरनेटवरून सिनेमे-मालिका दाखवणाऱ्या ॲपांमध्ये) कामच काम आहे. तेव्हा जिओसिनेमा आणि हॉटस्टार एकमेकांच्या उरावर बसले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते दोघे एक झाले. प्रेक्षकाचं ठीक आहे, पण कार्यक्रम विकायला निघालेल्याच्या दृष्टीने दोन गिऱ्हाइकांचं एकच उरलं. छोट्या व्हिडिओंमध्ये इन्स्टाग्रामची रील्स आणि यूट्यूबचे शॉर्ट्स यांची मारामारी आहे. त्यातून कोण उरेल, हे मी एका खोलीत बसून कसं ठरवू? त्यात आता एआय.

सल्ले घरी भरपूर मिळतात. इथे ज्यांचं पोट व्हिडिओवर चालतं, किंवा चालायचं, त्यांनी स्वतःचं काय झालं ते सांगावं. पैशाबद्दलही मोकळेपणाने लिहा, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही.

माणदेशी गडी

भावा, मी सांगोल्याचा. डाळिंबाच्या बागेत कॉमेडी करायचो, टिकटॉकवर लई चालायची. गावात अजून 'टिकटॉकवाला' म्हणूनच हाक मारतात.

एप्रिल २०१९ मध्ये मद्रास हायकोर्टाच्या आदेशानंतर ॲप काही दिवस स्टोअरमधून गायब झालं होतं आणि परत आलं होतं. त्यामुळं २९ जून २०२० ला टिकटॉकसकट ५९ चिनी ॲपांवर बंदीची बातमी आली, तेव्हा आमच्या ग्रुपात सगळ्यांचं एकच, येतंय की परत. दुसऱ्या दिवसापासून ॲप उघडलं की नुसती नोटीस. फॉलोअर गेले त्याचं एवढं नाही, पण ड्राफ्टमध्ये ठेवलेलं सगळं गेलं. ते फोनमध्ये वेगळं सेव्ह करायचं असतं हे तेव्हा कुणाच्या डोक्यात होतं?

मग देशी ॲपांची जत्रा भरली. मोज, जोश, टकाटक, चिंगारी, रोपोसो. सगळ्यांना आमच्यासारखी पोरं पायजे होती. त्यातल्या एका ॲपच्या माणसानं स्वतःहून फोन केला, महिन्याला इतके व्हिडिओ टाक, इतके पैसे देतो. दिले पण. पुढं रक्कम उतरत गेली आणि शेवटी त्यानं फोन उचलणं बंद केलं. तो पैसा जाहिरातीतून आलेला नव्हता, गुंतवणूकदारांचा होता. मोज आणि टकाटक २०२२ मध्ये एक झाले तेव्हा हे नीट उलगडलं. दोघं भांडत होते तोवर आमचा भाव होता.

आता लग्नं, बैलगाडा शर्यती, रोपवाटिकांची आणि ट्रॅक्टर शोरूमची रील्स करतो. ड्रोन घेतलाय. शोरूमवाला माझे फॉलोअर विचारत नाही. गिऱ्हाइकाचा फोन आला का, एवढंच विचारतो. आमदनी टिकटॉकच्या दिवसांपेक्षा बरी आहे, नाव मात्र तेवढं नाही. नावाची सवय झालेल्याला त्याचा त्रास होतो, खोटं कशाला बोलू.

कटपेस्ट

पुण्यात फ्रीलान्स एडिटर आहे. तू ज्याला मारामारी म्हणतोस, ती माझ्या टाइमलाइनवर रोज दिसते, म्हणून जरा लांब लिहिते.

रील्स भारतात आली जुलै २०२० मध्ये, टिकटॉक बंद झाल्यावर साधारण आठवडाभराने. शॉर्ट्सची पहिली चाचणीसुद्धा भारतातच, सप्टेंबर २०२० मध्ये. म्हणजे रिकाम्या झालेल्या जागेवर दोन मोठ्या कंपन्यांनी एकदमच पथारी टाकली. तोपर्यंत माझं काम आडव्या व्हिडिओंचं होतं, कॉर्पोरेट फिल्म आणि शाळांचे माहितीपट. वर्षभरात क्लायंट उभा व्हिडिओ मागायला लागले. आधी पंधरा सेकंदांचा, मग तीसचा, साठचा. ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्ट्स तीन मिनिटांपर्यंत गेले, पाठोपाठ रील्ससुद्धा. प्रत्येक वेळी एकमेकांकडे बघून माप वाढवायचं, आणि आम्ही टेम्प्लेट नव्याने बसवायचे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये इन्स्टाग्रामने सांगितलं की दुसऱ्या ॲपचा लोगो असलेले व्हिडिओ कमी लोकांना दाखवले जातील. सरळ धंद्याचं भांडण. पण माझ्याकडे लोक यायला लागले, 'ताई, तेवढा लोगो काढून द्या'. त्यांच्याकडे मूळ फाइलच नसायची, ॲपमधून डाउनलोड केलेली असायची. लोगो झाकायला फ्रेम कापली की माणसाचं डोकं अर्धं. त्यामुळे माझ्याकडे एक नियम आहे, शिकाऊ मुलांनाही तोच लावते. एडिट ॲपच्या आत करायचं नाही. आधी स्वच्छ मास्टर फाइल, लोगो नाही, चिकटवलेली कॅप्शन नाहीत, म्युझिक वेगळ्या ट्रॅकवर. मग प्रत्येक ॲपसाठी वेगळी प्रत. खालच्या भागात बटणं आणि वर्णन येतं, तिथे अक्षरं ठेवायची नाहीत.

दराबद्दल: सुटी रील घेतली की भाव पाडतात, कारण गल्लीतला मुलगा फोनवर निम्म्यात करून देतो. महिन्याचं पॅकेज ठरवलं, शूट कसं करायचं हेही आपण सांगितलं, तर गिऱ्हाईक टिकतं. डॉक्टर, सीए, बिल्डर ही माणसं टिकाऊ निघाली. इन्फ्लुएन्सर अजिबात नाहीत, त्यांचं स्वतःचंच पुढच्या महिन्याचं ठरलेलं नसतं.

एआयबद्दल मलाही धास्ती आहे. पार्श्वभूमी काढणं, आवाज साफ करणं ही कामं मी पूर्वी तासावर लावायची, ती गेली. मराठी कॅप्शन आपोआप पडतात, पण बोलणारा मालवणी किंवा वऱ्हाडी निघाला की भलतंच लिहून येतं, तिथे अजून माणूस लागतो. किती दिवस लागेल, माहीत नाही.

रत्नांग्रीची काकू

मी रेसिपीचं चॅनेल चालवते, मोठं नाही. बाळा, तू पैशाचं विचारलंस म्हणून लिहिते. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला हजार सबस्क्राइबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं जाणं (किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज) लागतं. २०१८ मध्ये हे हजार आणि चार हजार तासांचं माप आलं, आणि मी नेमकी तेव्हाच सुरुवात केली होती. पुढे खात्यात शंभर डॉलर साठल्याशिवाय बँकेत काही येत नाही. लांब व्हिडिओच्या जाहिरातीतला ५५ टक्के हिस्सा आपल्याला मिळतो. शॉर्ट्सचे २०२३ पासून ४५ टक्के, पण तो वाटा सगळ्यांच्या एकत्र पैशातून निघतो आणि हातात फारच थोडं पडतं. माझी उकडीच्या मोदकाची शॉर्ट तुफान चालली, तिच्या पैशात नारळसुद्धा आले नसते. पैसा दिला तो दिवाळीच्या फराळाच्या मोठ्या व्हिडिओंनी. दिवाळीत जाहिरातवाले दर चढवतात, जानेवारीत सगळं थंड. मुलाने सांगितलं म्हणून आता शॉर्ट टाकते आणि खाली मोठ्या व्हिडिओची लिंक जोडते.

मालवणी मसाला घरून विकते, तो चॅनेलपेक्षा जास्त देतो. पण चॅनेल नसतं तर मसाला कोणी घेतला असता?

सहकारनगर

दोन पदवीधर मुलांचा बाप आहे. वडील चुकीचं सांगत नाहीत. पगार एक तारखेला येतो तेव्हाच घराचा हप्ता जातो.

एमपीएससी रिटर्न

काका, वडील बरोबरच असतील, पण स्पर्धा परीक्षा हासुद्धा भरवसा नाही. सदाशिव पेठेत अभ्यासिका, मेस आणि खोली यांत माझी उमेदीची वर्षं गेली. जागा किती आणि बसणारे किती, ते सगळ्यांना माहीत आहे. आता एका क्लासचे व्याख्यानांचे व्हिडिओ कापतो. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन कोर्सेसनी फी इतकी खाली आणली की तालुक्याच्या क्लासवाल्यांनी बोर्ड उतरवले. आमच्या सरांनी व्याख्यानं फुकट टाकली आणि पैसे टेस्ट सिरीज व पेपर तपासण्याचे घेतले, म्हणून टिकले. मी त्यांचा तेराशे पानांचा इतिहास तीन मिनिटांच्या तुकड्यांत पाडतो. ज्या परीक्षेत नापास झालो तीच पोट भरतेय.

न्यू जर्सीची मावशी

थोडं अवांतर. इथे अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये टिकटॉक बंद होण्याची वेळ आली, तेव्हा माझी भाची कॉलेजमधून हस्तकलेचे व्हिडिओ टाकून वस्तू विकत होती. चिनी मालकाने ॲप विकावं, नाहीतर ते बंद, असा कायदा होता; कोर्टाने तो उचलून धरला, ॲप एका रात्रीत काळं पडलं आणि दुसऱ्या दिवशी परत आलं. त्या मधल्या वेळात तिच्या मैत्रिणी चिनी ॲपवर खाती उघडत होत्या. हिने मात्र आधीच्या ग्राहकांचे ईमेल पत्ते वहीतून काढून एक यादी केली. ॲप परत आल्यावरही ती यादी चालू आहे.

बफरिंग

ॲमस्टरडॅमला व्हिडिओ स्ट्रीमिंगमध्ये आहे, शिक्षण सांगलीचं. मी पडद्यामागचा, म्हणून वेगळी बाजू. २०२३ मध्ये आयपीएल जिओसिनेमावर फुकट दाखवली, मग हॉटस्टारने विश्वचषक मोबाइलवर फुकट केला. १९ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक होते. आमच्या ऑफिसात डच सहकारी तो आकडा ऐकून परत विचारत होते. फुकट दाखवणं म्हणजे मागे सर्व्हरचा अवाढव्य खर्च, तो कोणी फार वर्षं करत नाही. अशी झटापट विलीनीकरणात संपते आणि एकाच कामाच्या दोन टीम झाल्या की एक जाते. माझी अशी एक नोकरी गेली आहे, कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढची मुलाखत मिळाली ती कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करायचं तंत्र) आणि नेटवर्क येत होतं म्हणून. आधीच्या कंपनीचं स्वतःचं जे सॉफ्टवेअर घोकलं होतं, ते कोणी विचारलंही नाही. मुला, तुमच्या कॉलेजात एखाद्या ॲपचं 'अल्गोरिदम' शिकवत असतील तर त्या तासाला आवाज आणि प्रकाशयोजना शीक.

(कोल्हापूरचा, मूळ धागा)

सगळ्यांचे आभार. बाबांना काकूंचा आणि सहकारनगर काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी काकांचा दोनदा वाचायला लावला.

सध्या एवढं ठरवलंय की परीक्षेचा फॉर्म भरायचा आणि गावातल्या दोन डॉक्टरांना महिन्याच्या पॅकेजचं विचारायचं. कटपेस्ट ताई, मास्टर फाइल प्रोरेसमध्ये (एडिटिंगसाठीच्या जड फॉरमॅटमध्ये) ठेवायची का? माझ्या लॅपटॉपला तेवढी जागाच नाही.

कटपेस्ट

फुल एचडी प्रोरेस ४२२ मिनिटाला साधारण एक जीबी खातं. डॉक्टरांच्या व्हिडिओला गरज नाही. एच.२६४ या नेहमीच्या हलक्या फॉरमॅटमध्येच, पण बिटरेट (सेकंदाला किती डेटा) चढा ठेवून काढ. हार्ड डिस्क दोन घे, एक घरी आणि एक मित्राकडे. आणि पॅकेज सांगताना शूटचा दिवस वेगळा लाव, नाहीतर डॉक्टर तुला ओपीडी संपेपर्यंत बाहेर बसवून ठेवतात.