रविवारी ५ किमीची शर्यत, पाय उठत नाहीत. मदत हवी आहे

मागावरचा (बुधवार, सकाळी ९:१०)
लवकर सांगा, वेळ कमी आहे. रविवारी सकाळी साडेसहाला सोलापुरात ५ किमीची रोड रेस आहे. गेल्या महिन्यात मी हेच अंतर २४:४० मध्ये काढलं होतं. आज सकाळी कंबर तलावाकडं धावायला गेलो तर पहिल्या चारशे मीटरलाच मांड्या, पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. जिना उतरताना कठडा धरावा लागायलाय. नाव मागं घेता येत नाही. कारखान्यातल्या आम्हा चौघांची टीम आहे आणि चौघांच्या वेळेची बेरीज धरतात. चार दिवसांत पाय मोकळे कसे करायचे एवढंच सांगा.

होटगीरोडकर
आधी हे कशानं झालं ते सांगा. शेवटचं लांब धावणं कधी केलंत? बूट किती जुने?

मागावरचा
लांब धावलोच नाही. गेल्या आठवड्यात दोनदा चार-चार किमी, तेही आरामात. बूट जूनमध्ये घेतलेत. कारण काही नाही, उपाय सांगा.

बार्शीची मावशी
बाळा, हुलग्याचं माडगं कर. हुलगे भाजून दळायचे, पाण्यात कालवून शिजवायचे, लसूण-जिऱ्याची फोडणी आणि थोडा गूळ. रात्री गरम गरम पी. आमच्याकडं पेरणीच्या दिवसांत बैलांना हुलगे आणि माणसांना माडगं असायचं. कुणाचे पाय धरले नाहीत कधी.

सिंहगडरोड
५ किमीसाठी एवढी काळजी नको. थेट हाफ मॅरेथॉनचं ध्येय ठेवा. २१ किमीसाठी १२ ते १६ आठवडे लागतात, आठवड्याचं अंतर एकदम वाढवू नका, दर चौथ्या आठवड्याला कमी करा. हवा असेल तर तक्ता टाकतो.

होटगीरोडकर
@सिंहगडरोड, रविवार चार दिवसांवर आहे. सोळा आठवडे कुठून आणायचे त्यांनी?

देगावकर
कंबर तलावाकडं पहाटे एकटे जात असाल तर काठी ठेवा, कुत्री मागं लागतात. मी आता पार्क मैदानावरच फेऱ्या मारतो. माती आहे, गुडघ्यालाही बरं.

फिजिओ ताई
मागावरचे दादा, चार प्रश्न आहेत. चारही उत्तरं द्या, त्याशिवाय मी काही सांगणार नाही.
दोन्ही पाय सारखे दुखतात की एक जास्त? एका बोटानं दाखवता येईल अशी हाडावरची जागा दुखते का? एखादी पोटरी सुजलीय, गरम लागतेय असं आहे का? लघवीचा रंग काळपट, चहासारखा आहे का?
आणि पाचवा. परवा कोजागिरी होती. तुळजापूरला चालत गेला होतात का?

मागावरचा
दोन्ही सारखेच. हाडावर नाही, सगळ्या मांसात दुखतं. सूज नाही. लघवी पिवळी आहे, काळी नाही.
तुळजापूरला गेलो होतो की. पंधरा वर्षं चुकवलं नाही. त्याचा काय संबंध? ते चालणं आहे, धावणं नाही. अर्धं सोलापूर जातं.

होटगीरोडकर
अहो दादा! ४५ किलोमीटर! ही पहिली ओळ असायला पाहिजे होती. पंचाहत्तर सेंटिमीटरचं पाऊल धरलं तरी साठ हजार पावलं होतात. किती वाजता निघालात, पायात काय होतं?

मागावरचा
सोमवारी संध्याकाळी सातला रूपाभवानीला नारळ फोडून निघालो, सकाळी सहाला पोचलो. उळे आणि तामलवाडीत थांबलो, बाकी सलग. अनवाणी, आईच्या आजारपणातला नवस आहे. घाट चढताना काही वाटलं नाही, पण देवळात खाली उतरायच्या पायऱ्यांवर पाय लटपटले. येताना एसटीनं आलो आणि दुपारची पाळी केली. मागावर आठ तास उभाच असतो, त्यात काही विशेष नाही.

मुळानदी
मी नगरचा. कोजागिरीलाच का जातात? नवरात्रात ठीक आहे.

देगावकर
दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की देवी पलंगावर निद्रा घेते, ती पौर्णिमेला उठते. त्या दर्शनाला सोलापूरकर चालत जातात. रात्रभर रस्त्यात दोन्ही बाजूंना चहा, केळी, खिचडी वाटणारे उभे असतात. एकदा या, सांगून कळायचं नाही.

फिजिओ ताई
आता नीट कळलं. पाय आजारी नाहीत, दमलेत. अकरा तास चालणं, तेही डांबरावर अनवाणी. बुटाची टाच नसली की पोटरी जास्त ताणली जाते. वर रात्रीची झोप नाही आणि लगेच आठ तास उभं राहणं. उतरताना स्नायू लांबत असतानाच वजन पेलत असतो, तेव्हा त्याच्या तंतूंना सगळ्यात जास्त इजा होते, म्हणून पायऱ्या आधी जाणवल्या. हे दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत शिगेला जातं. म्हणजे गुरुवारी-शुक्रवारी हळूहळू उतरायला लागेल.
पण एक लक्षात घ्या. दुखणं थांबलं म्हणजे जोर परत आला असं नाही. तो आणखी काही दिवस मागं राहतो. चार दिवसांत पाय ताजे करण्याची युक्ती माझ्याकडं नाही. आणखी दमवायचे नाहीत, एवढंच आपल्या हातात आहे.

जुना खेळाडू
पूर्ण आराम. रविवारपर्यंत पाऊलसुद्धा धावायचं नाही. रात्री तिळाचं तेल कोमट करून चोळा, गरम पाण्यानं शेका. आम्ही कबड्डीच्या स्पर्धा अशाच खेळलो.

होटगीरोडकर
तेल ठीक, पण जोरात चोळू नका, इजा झालेल्या स्नायूला आणखी मार बसतो. मला बर्फाच्या पाण्याचा फायदा झालाय. आणि पूर्ण बसून राहिलं तर पाय आखडतात. रोज तीन किमी तरी धावावं.

जुना खेळाडू
बर्फानं आखडतं, आरामानं नाही. चाळीस वर्षं पाहतोय.

फिजिओ ताई
बर्फानं दुखणं थोडं कमी वाटतं, शेकानं सैल वाटतं. जे बरं वाटेल ते करा, वेग दोन्हींनी परत येत नाही. धावण्याबाबत मात्र दोघांचंही मला पटत नाही. आज आणि उद्या वीस मिनिटं सपाटीवर चालणं, बस्स. शुक्रवारी पंधरा मिनिटं अगदी हळू धावायचं, शेवटी ऐंशी मीटरचे तीन-चार मोकळे झपाटे, पळत सुटायचं नाही. शनिवारी काही नाही. आठ तास झोप, आणि जेवणात भात-भाकरी कमी करू नका. चालताना संपलेला साठा त्यातूनच भरतो.

मागावरचा
रविवारी सकाळी वेदनाशामक गोळ्या दोन घेतल्या तर?

फिजिओ ताई
नको. अंगात पाणी कमी असताना, मेहनत करताना त्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण टाकतात. शिवाय पाय काय सांगतोय तेच ऐकू येत नाही. उन्हाची काहिली चालू आहे, त्यापेक्षा पाणी प्या. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ; चमचा म्हणजे चहाचा छोटा चमचा.
शनिवारी संध्याकाळी तपासा. कठडा न धरता जिना उतरा, मग एका पायावर दहा उड्या, नंतर दुसऱ्या पायावर दहा. कळ आली तर धावू नका. टीममधल्या तिघांना हे सांगितलंय का?

मागावरचा
नाही. काय सांगणार?

होटगीरोडकर
आजच सांगा. रविवारी रेषेवर कळण्यापेक्षा आज कळलं तर ते बदली माणूस तरी बघतील. आणि धावलात तर २५ विसरा. पहिला किमी ५:४० च्या आत काढायचा नाही. लोक पुढं जातील, जाऊ द्या.

मागावरचा (शनिवार, रात्री ८:३०)
तिघांना सांगितलं. तिघंही म्हणाले, तू नवस फेडून आलास, शेवटी आलास तरी चालेल, पण ये. मला भरून आलं. जिना उतरलो, उड्या मारल्या. कळ नाही, जडपणा आहे. काल हळू धावलो तेव्हा दहाव्या मिनिटाला पाय सुटले. माडगंही प्यायलो मावशी, झोप छान लागली.

बार्शीची मावशी
शहाणं लेकरू. उद्या सकाळी पोटभर पिऊ नको, जड पडेल. एक केळं खा.

मागावरचा (रविवार, सकाळी १०:०५)
२६:३५. किमीप्रमाणे ५:४०, ५:२५, ५:२०, ५:१०, ५:००. वीस मिनिटं चालून-धावून अंग गरम केलं, मग रेषेवर गेलो. पहिल्या किलोमीटरला एक शाळकरी मुलगीसुद्धा पुढं गेली, दात खाऊन मागं राहिलो. तिसऱ्यानंतर माणसं एकेक करून मागं पडायला लागली. टीम तिसरी आली. सगळ्यांचे आभार, ताई, तुमचे विशेष.
एकच राहिलं. डाव्या तळव्याचा चालतानाचा फोड आज फुटला, ओला आहे. काय लावू?

फिजिओ ताई
फोडाचं आज सांगताय! साबणाच्या पाण्यानं धुवा, वरची कातडी ओढून काढू नका, स्वच्छ जाळीची पट्टी बांधा, रोज बदला. लाली पसरली, पू किंवा ताप आला तर लगेच दाखवायचं. तुम्हाला साखर आहे का? असेल तर वाट न बघता आजच दाखवा.

मागावरचा
मला नाही, फेब्रुवारीत तपासली होती. आईला आहे. तिच्याही टाचेला भेग पडलीय, उद्या दोघंही जातो.