मदत हवी आहे: अपग्रेडनंतर स्क्रीन काळी, लॉगिनपर्यंत पोचतच नाही

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. काल रात्री अपग्रेड केलं आणि रीस्टार्ट केल्यापासून लॅपटॉपची स्क्रीन काळी. सुरुवातीला पांढरी अक्षरं भराभर वर सरकतात, मग एकदम सगळं बंद. पंखा फिरत राहतो, कीबोर्ड दाद देत नाही, शेवटी पॉवरचं बटण दाबून धरावं लागतं. उद्या दुपारपर्यंत एक भाषांतर पोचवायचंय आणि फाईल त्यातच अडकली आहे. फॉरमॅट मारा असं कृपया कुणी सांगू नका. आज रात्री करता येईल असा उपाय हवा आहे. फोनवरून लिहितोय.

टर्मिनल
ग्राफिक्स ड्रायव्हर, दुसरं काही नाही. ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू होतानाच्या, मेनूत ई दाबा, लिनक्स शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी नोमोडसेट जोडा आणि एफ१० दाबा. रिझोल्यूशन वाईट असेल, पण डेस्कटॉप येईल. मग एनव्हीडियाचा ड्रायव्हर काढून परत टाका.

कर्नलकाका
कुठली सिस्टीम? कुठल्या आवृत्तीवरून कुठल्या आवृत्तीवर गेलात? ग्राफिक्स कुणाचं? एवढं कळल्याशिवाय कुणीही काही सांगितलं तरी तो अंदाजच.

साधासरळ
लिनक्स मिंट टाका आणि टाइमशिफ्ट चालू ठेवा. अपग्रेड बिघडलं तर मागच्या स्थितीत जाता येतं. घरातल्या सगळ्या मशीनवर मी हेच केलंय आणि सगळे रोजचं काम त्यावरच करतात.

पाऊलवाट
ग्रब नाही दिसत. जो मेनू येतो त्यावर मोठ्या अक्षरांत फ्रीबीएसडी लिहिलेलं असतं. १४.३ टाकलं काल. एनव्हीडिया नाही, इंटेलचं आहे. @साधासरळ, मिंट टाकायला आत्ता वेळ नाही हो, आधी फाईल बाहेर काढायची आहे.

टर्मिनल
फ्रीबीएसडी म्हणजे लिनक्स नव्हे, युनिक्सच्या धर्तीची वेगळी सिस्टीम; हे पहिल्याच ओळीत हवं होतं. नोमोडसेट वगैरे विसरा, तो लिनक्स कर्नलचा (सिस्टीमच्या गाभ्याचा) पर्याय आहे, इथे लागू नाही.

कर्नलकाका
आता कुठे सूत सापडतंय. आणखी चार गोष्टी सांगा.
आधी १४.काय होतं? नुसतं १४ म्हणू नका.
डिस्कची फाईल सिस्टीम झेडएफएस आहे की यूएफएस?
फ्रीबीएसडी-अपडेट ही आज्ञा वापरलीत की सोर्समधून बांधलंत?
रीस्टार्टनंतर मशीन स्वतःहून पुन्हा सुरू होतं, की काळ्या स्क्रीनवरच गोठतं?

पाऊलवाट
गोठतं. फ्रीबीएसडी-अपडेटच. आधी १४.१ होतं. झेडएफएस की काय ते माहीत नाही, इन्स्टॉल करताना ऑटो असं जे सगळ्यात वर होतं तेच निवडलं. पण फाईल मिळेल ना?

काटेरी_मासा
याच कारणासाठी मी ओपनबीएसडी या तिच्या भावंड सिस्टीमवर आलो आणि तिथेच राहिलो. फ्रीबीएसडीत ग्राफिक्सचा ड्रायव्हर बेस सिस्टीमच्या (प्रकल्प स्वतः देतो त्या मूळ भागाच्या) बाहेर, पॅकेज म्हणून येतो. कर्नल पुढे जातो, ड्रायव्हर मागे राहतो आणि वापरणारा अंधारात बसतो. ओपनबीएसडीत इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कर्नलच्याच सोर्सच्या झाडात आहेत, स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी एक्स प्रणालीही झेनोकारा नावाने बेसमध्येच येते. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघते, तेव्हा सगळं एकत्र हलतं. फर्मवेअर एफडब्ल्यू_अपडेट ही आज्ञा आणून देते. बूट केलं की झेनोडीएमचा लॉगिन समोर. धागाकर्त्यांनी काम संपलं की शांतपणे याचा विचार करावा.

कर्नलकाका
@काटेरी_मासा, ड्रायव्हरबद्दल म्हणताय ते खरं आहे, नाकारत नाही. पण त्यांची फाईल आज वाचणार आहे ती झेडएफएसमुळे. तुमच्या ओपनबीएसडीच्या एफएफएस फाईल सिस्टीमवर बूट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे जिच्यात परत जाता येईल अशी सिस्टीमची प्रत, नाही. वीज गेली की एफएससीकेची डिस्क तपासणी संपेपर्यंत वाट बघायची.

@पाऊलवाट, इन्स्टॉलरमध्ये सगळ्यात वर ऑटो झेडएफएस असतं, म्हणजे तुमच्याकडे तेच असणार. फाईल सुरक्षित आहे. आता नीट वाचा.

बूट मेनू आला की स्पेसबार दाबून थांबवा. त्यात बूट एन्व्हायर्नमेंट्स असा पर्याय आहे. आत गेलात की डीफॉल्टखेरीज आणखी एक नाव दिसेल, १४.१-रिलीज आणि पुढे तारीख अशा धाटणीचं. अपग्रेड सुरू करताना फ्रीबीएसडी-अपडेटने जुन्या सिस्टीमची ती प्रत आपणहून काढून ठेवलेली असते. ती निवडून बूट करा. होम फोल्डर वेगळ्या डेटासेटवर (डिस्कच्या स्वतंत्र कप्प्यात) असतं, त्यामुळे सिस्टीम मागे गेली तरी तुमच्या फाईली मागे जात नाहीत. काल रात्री शेवटची सेव्ह केलेली प्रतच मिळेल.

शाईपेन
तुम्ही भाषांतराचं काम करता म्हणून सांगतो. फ्रीबीएसडीवर देवनागरी टायपिंगसाठी आयबस आणि त्याबरोबर आयबस-एम१७एन टाका. त्यात मराठीचे वेगळे कीबोर्ड-आराखडे आहेत: इनस्क्रिप्ट, इनस्क्रिप्ट२, फोनेटिक आणि आयट्रान्स. हिंदीचा आराखडा निवडून लोक ऱ्य आणि ऱ्ह शोधत बसतात. फॉन्टसाठी लोहित किंवा नोटो. आणि लिबरऑफिसमध्ये भाषेच्या सेटिंगमधला कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून तिथे मराठी निवडायला विसरू नका, नाहीतर शुद्धलेखन तपासणीला मजकूर मराठी आहे हे कळतच नाही.

साधासरळ
उपयुक्त माहिती, पण त्यांची स्क्रीनच काळी आहे.

माझा मूळ मुद्दा तसाच आहे. ही जुन्या काळची, सर्व्हरची सिस्टीम आहे. रोजच्या वापराला तिचा हट्ट कशाला?

पाऊलवाट
आलं!!! जुन्या एन्व्हायर्नमेंटमधून डेस्कटॉप आला. फाईल जशीच्या तशी आहे. काका, खूप खूप आभार. आता काम पुरं करतो. पण मला १४.३ वर यायचंच आहे, १४.१ चा सपोर्ट संपलाय म्हणून तर अपग्रेड केलं होतं. ते कसं करायचं?

कर्नलकाका
आधी काम पुरं करा. फाईलची एक प्रत पेनड्राईव्हवर घ्या. मग दोन गोष्टी बघून सांगा: आरसी.कॉन्फ या सेटिंगच्या फाईलीत केएलडी_लिस्टच्या (सुरुवातीला कर्नलला जोडायच्या मोड्यूलच्या) ओळीत काय आहे, आणि ईटीसी-पीकेजीमधली फ्रीबीएसडी.कॉन्फ ही (पॅकेजं कुठून घ्यायची ते सांगणारी) फाईल कधी हाताने बदलली होती का.

तोवर @साधासरळ यांना उत्तर. फ्रीबीएसडीची पहिली आवृत्ती १९९३ ची, आणि डेबियनची घोषणाही त्याच वर्षीची. मिंटचा वंश उबंटूमार्गे त्याच डेबियनपर्यंत जातो, म्हणजे वयाचा मुद्दा इथे गैरलागू. मी डेस्कटॉपवर वापरतो, कारण कर्नल आणि भोवतालच्या आज्ञावली एकाच झाडात, एकाच प्रकल्पाने लिहिलेल्या आहेत. हँडबुकमध्ये लिहिलेलं माझ्या मशीनवर तसंच लागू पडतं. बेस आणि पॅकेज यांची सरमिसळ नाही. पॅकेजं जवळपास सगळी युजर-लोकलमध्ये राहतात, त्यामुळे काही बिघडलं तर कुठे बघायचं हे ठरलेलं असतं. नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पुरवणारे सर्व्हर यावर चालतात, प्लेस्टेशन ४ ची सिस्टीम यातूनच निघाली.

काटेरी_मासा
नेटफ्लिक्सच्या त्या सर्व्हरना स्क्रीन नसते. डेस्कटॉपच्या चर्चेत ते उदाहरण बसत नाही. प्लेस्टेशनचं हार्डवेअर एकच, ठरलेलं. इथे प्रश्न शेकडो प्रकारच्या लॅपटॉपचा आहे. आणि डेस्कटॉपसाठीच काढलेल्या पीसी-बीएसडीचं काय झालं तेही सांगा. २०१६ मध्ये तिचं नाव ट्रूओएस झालं, २०२० मध्ये प्रकल्पच थांबला.

टर्मिनल
पण घोस्टबीएसडी चालू आहे. फ्रीबीएसडीवरच उभी, माटे डेस्कटॉप तयार मिळतो. ज्याला आरसी.कॉन्फमध्ये हात घालायचा नाही त्याने तिथून सुरुवात करावी.

रानजाई
अवांतर होईल, पण मीही फ्रीबीएसडीचा विचार करतेय म्हणून विचारते. व्हिडिओ सेवा ब्राउझरमध्ये चालतात का? आणि ब्लूटूथ हेडफोन?

कर्नलकाका
@रानजाई ताई, फायरफॉक्स आणि क्रोमियम दोन्ही आहेत. पण सशुल्क व्हिडिओ सेवांना जी वाइडवाइन ही कॉपी-संरक्षणाची प्रणाली लागते ती फ्रीबीएसडीसाठी मूळ रूपात मिळत नाही. लिनक्स सुसंगतता थरावर लिनक्सचा क्रोम चालवून लोक बघतात, त्याला थोडी खटपट आहे. ब्लूटूथ हेडफोनसाठी हात काळे करावे लागतात, मी वायरचा वापरतो. ब्लूटूथवाचून तुमचं अडत असेल तर मी आग्रह करणार नाही.

वायफायबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. इंटेलच्या नव्या कार्डांना आयडब्ल्यूएलवायफाय हा ड्रायव्हर चालवतो. तो बराच काळ जुन्या ८०२.११जीच्या वेगावर अडकला होता, १४.३ मध्ये त्याहून वेगवान ८०२.११एन आणि एसी आलं. जुना अनुभव असलेले "फ्रीबीएसडीचं वायफाय हळू" म्हणतात ते यामुळे. एखादं कार्ड अगदीच चालत नसेल तर वायफायबॉक्स आहे. तो बीहाइव्हच्या आभासी मशीनमध्ये छोटं लिनक्स चालवतो आणि कार्ड त्याच्या हवाली करतो.

काटेरी_मासा
ओपनबीएसडीत ब्लूटूथ २०१४ मध्ये काढूनच टाकलं. मला ते पटतं, पण ताईंनी माहीत असून निवड करावी.

पाऊलवाट
काम पाठवलं, सुटलो. आता उत्तरं. केएलडी_लिस्टमध्ये आय९१५केएमएस आहे. फ्रीबीएसडी.कॉन्फमध्ये पॅकेजांचा तिमाही साठा (क्वार्टरली) बदलून लेटेस्ट केलेला आहे. अपग्रेडच्या वेळी त्या फाईलबद्दल काहीतरी विचारलं होतं, मी माझीच ठेवली.

कर्नलकाका
बिघाड इथेच आहे. जरा सविस्तर लिहितो, शोधत येणाऱ्या पुढच्या माणसालाही उपयोग होईल.

डीआरएम-केमॉड हा लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा फ्रीबीएसडीवर आणलेला अवतार; तुमचा आय९१५केएमएस त्यातलाच. तो लिनक्सकेपीआय नावाच्या थरावर उभा असतो आणि तो थर कर्नलमध्ये आहे. १४.१, १४.२, १४.३ असं जाताना तो थर बदलतो. पण पॅकेजं बांधली जातात ती शाखेतल्या सपोर्ट चालू असलेल्या सगळ्यात जुन्या आवृत्तीवर, आणि जुन्या आवृत्तीचा सपोर्ट नवी आल्यावर तीन महिन्यांनी संपतो. तेवढ्या काळात जुन्या कर्नलसाठी बांधलेलं मोड्यूल नव्या कर्नलवर येऊन पडायचं. बाकी पॅकेजांना यानं काही होत नाही, कर्नल मोड्यूलला होतं.

यावर उपाय म्हणून १४.२ पासून फ्रीबीएसडी-केमॉड्स असा वेगळा साठा सुरू झाला. त्यात प्रत्येक उपआवृत्तीसाठी मोड्यूल वेगळं बांधलेलं असतं. त्या साठ्याचा पत्ता फ्रीबीएसडी.कॉन्फच्या नव्या प्रतीत येतो. तुमची फाईल १४.१ च्या काळातली, त्यात तो भागच नाही. म्हणून नवा कर्नल आणि जुनं मोड्यूल अशी गाठ पडली.

आता दुरुस्ती. तुम्ही जुन्या एन्व्हायर्नमेंटमध्ये आहात, तिथूनच करा. बीईसीटीएल माउंट ही आज्ञा वापरून डीफॉल्ट ही (१४.३ ची) एन्व्हायर्नमेंट एमएनटी फोल्डरवर चढवा. तिच्यातल्या आरसी.कॉन्फमधून आय९१५केएमएस काढा. १४.३ च्या बेस.टीएक्सझेड या इन्स्टॉलच्या संचातून मूळ फ्रीबीएसडी.कॉन्फ काढून तिच्या ईटीसी-पीकेजीत ठेवा. लेटेस्ट हवं असेल तर ते युजर-लोकल-ईटीसी-पीकेजी-रेपोजमध्ये वेगळी फाईल करून लिहा, मूळ फाईलला हात नको. मग अनमाउंट करून डीफॉल्टमध्ये बूट करा. ग्राफिक्स नसेल, साधा कन्सोल येईल. तिथे रूट (प्रशासक) होऊन फ्रीबीएसडी-अपडेट इन्स्टॉल पुन्हा चालवा. रीस्टार्टनंतर ते पुन्हा चालवावं लागतं आणि काळ्या स्क्रीनमुळे तुमचं तेही राहिलं असणार. पुढे पीकेजी अपडेट -एफ, पीकेजी अपग्रेड. मग केएलडीलोड आय९१५केएमएस ही आज्ञा हाताने द्या. स्क्रीन क्षणभर मिटून अक्षरं बारीक होऊन परत आली की जमलं. त्यानंतरच आरसी.कॉन्फमध्ये ओळ परत घाला, आधी अजिबात नको.

टर्मिनल
एवढं करण्यापेक्षा पोर्ट्समधून, म्हणजे पॅकेजच्या सोर्सवरून, डीआरएम-केमॉड स्वतः बांधावं. चालू कर्नलसाठीच बांधलं जातं, साठ्याची भानगड नाही.

कर्नलकाका
चालतं. १४.२ च्या आधी तोच राजमार्ग होता. फक्त युजर-एसआरसीमध्ये त्याच आवृत्तीचा सोर्स हवा, आणि पुढच्या प्रत्येक अपग्रेडला पुन्हा बांधायचं लक्षात ठेवावं लागतं. भाषांतर करणाऱ्या माणसामागे हे लावून देऊ नये असं मला वाटतं.

साधासरळ
हे सगळं वाचल्यावर माझं मत आणखी पक्कं झालं. रोजच्या मशीनवर एका अपग्रेडसाठी एवढं करायला लागू नये.

पाऊलवाट
@साधासरळ, तुमचा मुद्दा कळतो. पण रात्री अकराला मला वाटत होतं सगळं गेलं, आणि एका मेनूतून सगळं परत मिळालं. माझ्यासाठी तेच मोठं आहे.

काका, सांगितलं तसं केलं. केएलडीलोड दिल्यावर अक्षरं बारीक झाली, केडीई डेस्कटॉप सुरू झाला. १४.३ वर आहे. डीआरएमच्या पॅकेजच्या आवृत्तीत शेवटी १४०३००० दिसतंय, ते बरोबर ना? आणि एक राहिलंच: झाकण मिटलं की झोपायला हवा, तो झोपत नाही. आधीही झोपत नव्हता.

कर्नलकाका
१४०३००० म्हणजे १४.३ साठी बांधलेलं. बरोबर.

झोपेचं असं: सिसीटीएल या आज्ञेने एचडब्ल्यू.एसीपीआय.सपोर्टेड_स्लीप_स्टेट विचारा. यादीत एस३ (फक्त मेमरी जागी ठेवणारी झोप) असेल तर आधी एसीपीआयकॉन्फ -एस ३ देऊन हाताने झोपवून, उठवून बघा. नीट उठला तर एचडब्ल्यू.एसीपीआय.लिड_स्विच_स्टेटला एस३ द्या आणि ते सिसीटीएल.कॉन्फमध्ये लिहून ठेवा. एस३ यादीत नसेल तर तुमचा लॅपटॉप फक्त नव्या पद्धतीची झोप देतो आणि १४ च्या शाखेत तिचा आधार नाही. काही लॅपटॉपच्या बायॉसमध्ये स्लीपसाठी जुनी पद्धत निवडायची सोय असते, ती शोधा. यादी इथे टाका, मग बघू.