जिवंत झाडं आणि दगड टाकल्यापासून टाकीचं बिनसलंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझी माशांची टाकी ६० × ३० × ३६ सेंटीमीटरची आहे, म्हणजे साधारण ६५ लिटर. वर्षभर प्लास्टिकची झाडं आणि निळी खडी होती. नऊ निऑन टेट्रा, चार कोरिडोरा, सगळे ठणठणीत. माशांना खरंखुरं काहीतरी मिळावं असं फार वाटत होतं, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी प्लास्टिक काढलं आणि व्हॅलिस्नेरिया, दोन क्रिप्टोकोरिन, एक अनुबियास अशी झाडं लावली. सोबत नदीतले दोन गोटे आणि पांढऱ्या शिरांचा एक करडा दगड ठेवला. दगड ब्रशने घासून गरम पाण्याने धुतले होते, साबण लावला नव्हता. त्याच दिवशी निळी खडी काढून बारीक काळी खडी घातली, आणि हात ओले झालेच आहेत तर म्हणून फिल्टरचा स्पंजही नळाखाली स्वच्छ पिळून घेतला.

पहिले काही दिवस टाकीसमोरून उठवत नव्हतं. कोरिडोरा त्या करड्या दगडाच्या कुशीत ओळीने बसायचे.

आता मात्र क्रिप्टोकोरिनची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन गळताहेत, हात लावला की लगदा. अनुबियासची जुनी पानं देठापासून सुटताहेत. सगळ्यांवर तपकिरी भुकटीसारखा थर आहे. व्हॅलिस्नेरिया तेवढी जोरात आहे, तिला बाजूने दोन नवी पिल्लं फुटलीत. पाण्याचा पीएच आधी ७.० होता, काल ७.८ आला. निऑन फिके पडलेत आणि फिल्टरच्या मागे घोळका करून असतात. अजून एकही मासा गेलेला नाही, पण मला भीती वाटते आहे.

दिवा रोज दहा तास असतो. झाडं उपटून परत प्लास्टिक लावू का? दगड उकळून घ्यायला हवे होते का? जाणकारांनी कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद १

झाडं उपटू नका. आधी अमोनिया तपासा, आजच.

जुन्या खडीत आणि स्पंजात जे जिवाणू होते तेच माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवत होते. खडी बदलली आणि स्पंज क्लोरिनच्या पाण्यात पिळला, दोन्ही एकाच दिवशी. त्यात कुजणाऱ्या पानांची भर. आणि पीएच एका अंकाने वाढला की अमोनियाचा विषारी वाटा जवळजवळ दहापट होतो, म्हणजे तुमच्या माशांवर दोन्हीकडून मार बसतो आहे. निऑन फिके पडलेत ते बहुधा यामुळेच.

पीएच कशाने वाढला? संशय करड्या दगडावर. पांढऱ्या शिरा बऱ्याचदा कॅल्साइटच्या असतात, म्हणजे चुना. तो हळूहळू विरघळतो, पाणी जड होतं. व्हॅलिस्नेरियाला जड पाणी मानवतं, म्हणून तीच एकटी खूश दिसते. दगड बाहेर काढून कोरडा करा, शिरेवर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसलं तर तो टाकीतला नाही. उकळायचं म्हणाल तर दगड कधीच उकळू नका. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो.

पाणी एकदम निम्मं बदलण्यापेक्षा रोज पाचवा हिस्सा बदला, क्लोरिन काढून. पीएच वर चढला तसाच सावकाश खाली येऊ द्या. खाणं दोन-तीन दिवस अगदी चिमूटभर. स्पंज यापुढे टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळायचा.

प्रतिसाद २

क्रिप्टोकोरिन जागा बदलली, पाणी बदललं की पानं टाकते. कुजलेली पानं कापून काढा, पण मूळ हलवू नका. मुळं पांढरी आणि घट्ट असतील तर ती पुन्हा फुटते. अनुबियासचं विचारते, तुम्ही ती खडीत पुरली आहे का? तिचं जाड आडवं खोड खडीवर उघडं राहायला हवं, पुरलं की कुजतं. दगडाला सुती दोऱ्याने बांधा, मुळं आपली आपण धरतात. दिवा सहा-सात तासांवर आणा. तपकिरी थर नव्याने मांडलेल्या टाकीत येतोच, बोटाने पुसला जातो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. अमोनियाच्या चाचणीचं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते पोपटी झालं. तक्त्यावर ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर. तेव्हापासून रोज तेरा लिटर बदलते आहे. आज चौथा दिवस, रंग जवळजवळ पिवळा आहे आणि निऑन मघाशी पुढच्या काचेपाशी आले होते.

करडा दगड पालथा करून शिरेवर व्हिनेगर टाकलं. शिरेच्या रेषेवर बारीक बुडबुड्यांची रांगच उठली, कान जवळ नेला तर हलका चरचर आवाज येत होता. करड्या भागावर काहीच नाही. काढून ठेवला.

अनुबियास मी पुरलीच होती, चूक माझी. खोडाचा अर्धा इंच बोटाने दाबल्यावर मऊ लागला, वासही येत होता. तेवढा कापून उरलेला कडक भाग, त्यावर तीन पानं आहेत, एका गोट्याला बांधला आहे.

आता फक्त एक शंका आहे. गोट्यांवर व्हिनेगर टाकलं तर काहीच झालं नाही. मग ते निर्धास्त ठेवू ना?

प्रतिसाद १

बहुधा चालतील. पण व्हिनेगर सौम्य असतं, काही दगड त्याला दाद देत नाहीत. दुसरा गोटा, ज्याला झाड बांधलेलं नाही, तो टाकीत भरता तेच पाणी घेऊन बादलीत आठवडाभर ठेवा. शेजारी तेच पाणी नुसतं एका भांड्यात ठेवा. आठ दिवसांनी दोन्हींचा पीएच मोजा. सारखा आला तर त्यालाही टाकीत परत घ्या. आणि हो, क्रिप्टोकोरिनच्या मुळाशी कोंब दिसला की फोटो टाका.