कार्यक्रमांची यादी आली, फॉर्मच्या तारखा कुठे आहेत?

मांजलपूरकर

बडोद्यातल्या आमच्या शाळेच्या पालक ग्रूपवर परवा या वर्षाच्या कार्यक्रमांची यादी आली. गुरुपौर्णिमा, पंधरा ऑगस्ट, गणपती, शिक्षक दिन, नवरात्रातला गरबा, विज्ञान प्रदर्शन, खेल महाकुंभ (राज्याच्या क्रीडास्पर्धा), आनंदमेळा, सहल, वार्षिकोत्सव. मी खाली एवढंच विचारलं, की याच्याच शेजारी शिष्यवृत्तीच्या आणि परीक्षेच्या फॉर्मच्या तारखा टाकता येतील का. त्यावर एका पालकांनी सगळ्यांदेखत लिहिलं, "आपल्या शाळेत मूल एक दिवस रिकामं बसत नाही. एवढ्यावरही ज्यांना कुरकुर करायची आहे त्यांनी मुलांकडे घरी लक्ष द्यावं." दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे, जिथे आपण सगळे आपापल्या भागाच्या नावानं लिहितो, सविस्तर लिहितोय.

घरी लक्ष द्यायला घरात कुणीतरी असावं लागतं. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंची मुलगी आठवीत एनएमएमएसची, म्हणजे केंद्राच्या शिष्यवृत्तीची, परीक्षा पास झाली. वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी. पण ते आपोआप येत राहत नाहीत, दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं आणि मग शाळेनं ते तपासून पुढे पाठवायचं. नववीचे आले. दहावीच्या वर्षी सूचना फळ्यावर लागली होती म्हणे, ऑफिसच्या बाजूच्या फळ्यावर, वार्षिकोत्सवाच्या नाचात कुणाकुणाला घेतलं त्या यादीच्या खाली. मुलगी त्या नाचात होती. तिनं स्वतःचं नाव वरच्या यादीत वाचलं आणि आनंदानं घरी गेली. ताई चार घरची कामं करून रात्री आठला घरी पोचतात. तारीख निघून गेली, दहावीचे पैसे आले नाहीत आणि गणिताची शिकवणी सुटली. शाळा कुठली ते लिहीत नाही, कारण हे कुठल्याही शाळेत होऊ शकलं असतं.

गरब्याचा ड्रेस कोणत्या रंगाचा हे मला चार वेळा कळवलं जातं. गुजकेटचा, म्हणजे बारावी सायन्सनंतरच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म कधी भरायचा, मुलींच्या नमो लक्ष्मी शिष्यवृत्तीला कोणते कागद लागतात, हे एकदा तरी कळवा. माझं मागणं एवढंच आहे.

निवृत्त बाई, रावपुरा

मांजलपूरकर, तुमच्या ताईंच्या मुलीचं वाचून वाईट वाटलं. पण दोष तुम्ही नाचावर टाकलात ते मला मान्य नाही, आणि मी गप्प बसणार नाही.

३१ वर्षं हायस्कूलला शिकवलं. सूचना का पोचत नाही ते सांगते. ज्या शिक्षकाकडे शिष्यवृत्तीचं काम असतं त्याच्याकडेच बीएलओची (मतदार यादीची) ड्यूटी असते, त्याच्याकडेच आधारची दुरुस्ती, त्याच्याकडेच ऑनलाइन हजेरी. त्यात तो दोन इयत्तांना गणित शिकवतो. तुम्ही गरबा बंद केलात तरी त्याची एक संध्याकाळसुद्धा मोकळी होणार नाही.

आणि कार्यक्रमांतून काय मिळतं ते वर्गात बसून दिसत नाही. माझ्या नववीत एक मुलगी होती, वडील सेव उसळची लारी (हातगाडी) लावायचे. शेकडेवारी म्हटलं की पेन खाली. आनंदमेळ्यात तिच्या गटानं मक्याच्या भेळेचा स्टॉल घेतला. किती कणसं, तेल किती, प्लेट केवढ्याला विकली तर काय सुटेल, हे सगळं तिनं बोटांवर सांगितलं. त्या दिवशी फायद्यात गेलेला तो एकच स्टॉल. दुसऱ्या दिवसापासून मी तिला नफा-तोट्याची गणितं भेळेतच घातली. ती मुलगी दहावी पास झाली. आनंदमेळा नसता तर मला तिच्यात काय आहे ते कळलंच नसतं. म्हणून कुणी कार्यक्रमांवर बोट ठेवलं की मला राग येतो.

बारावीची आई

बाई, तुमच्या काळी तालीम शाळा सुटल्यावर व्हायची. आता पाचव्या तासापासून होते. माझ्या मुलीचे गेल्या वर्षी डिसेंबरात रसायनशास्त्राचे किती तास बुडाले ते तिच्या वहीच्या कोऱ्या पानांवरून मोजता येतं. आणि तालमीला गेलेलं मूल हजर की गैरहजर, हेही प्रत्येक शिक्षक वेगळं सांगतो. नमो लक्ष्मीला ८० टक्के हजेरी लागते. अकरावी-बारावीला महिन्याचे ७५० रुपये, वर्षातले दहा महिने, आणि मोठी रक्कम बारावी पास झाल्यावर. नववीपासून धरलं तर मुलीमागे ५०,००० रुपये होतात.

आमचे पैसे अडकले ते वेगळ्याच कारणानं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आडनाव आधी, आधारवर नाव आधी, आणि बँकेत माझं माहेरचं नाव. पैसे आईच्या खात्यात येतात. मी तीन खिडक्या फिरले. आपल्या मराठी बायकांची लग्नात नावंसुद्धा बदलायची पद्धत होती, त्याचे हाल या कागदांत निघतात. माझ्या सासूबाईंना तर तीन कागदांवर तीन नावं आहेत. हे कुणी जूनमध्येच सांगितलं असतं तर मी सुट्टीत दुरुस्ती करून घेतली असती.

दांडिया बाजार

फॉर्मचं राहू द्या, पुस्तकांचं बोला. आमच्या शाळेत (मी तिथलाच, १९९४ ची दहावी) मराठी पुस्तकांची दोन कपाटं आहेत. गेल्या आठवड्यात पुतण्यासाठी गेलो. किल्ली क्लार्ककडे, क्लार्क रजेवर. वाचनालयाच्या खोलीत कार्यक्रमाचे पडदे आणि ढोल ठेवलेत.

हे बडोदं आहे. १९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी ग्रंथपाल बॉर्डनसाहेबाला अमेरिकेतून बोलावून ग्रंथालयाचं खातं उभं केलं. पुस्तकांच्या पेट्या खेड्याखेड्यांत फिरवल्या. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत आजही काचेच्या फरशीवर उभं राहून वर-खाली पुस्तकंच पुस्तकं दिसतात. त्या गावात एका हायस्कूलच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली क्लार्कच्या खणात असावी, याचं कुणाला काहीच वाटत नाही?

कारेलीबाग

दादा, प्रत्येक गोष्टीत सयाजीराव आणणं आपण कधी थांबवणार? १९०६ चं सक्तीचं मोफत शिक्षण, ग्रंथालय, कीर्ती मंदिर, हे दर गणपतीत मंडपातून ऐकतो. महाराजांनी त्यांचं काम केलं. शंभर वर्षांनंतर आपण काय करतोय?

आणि स्पष्टच विचारतो. तुमची स्वतःची दोन्ही मुलं इंग्लिश मिडियमला आहेत. मराठी वर्ग एकेक करून रिकामे होत गेले ते आपल्यासारख्यांमुळेच. आता कपाटाच्या किल्लीसाठी गळा काढायचा?

दांडिया बाजार

माझ्या मुलांचं इथे काढायची गरज नव्हती.

हो, इंग्लिश मिडियमला आहेत. २०११ मध्ये मोठ्याचं नाव घालायला गेलो तेव्हा मराठी वर्गात अकरा मुलं होती आणि मुख्याध्यापकांनीच सांगितलं, की पुढच्या वर्षी वर्ग राहील याची खात्री नाही. मी त्या पायरीवर अर्धा तास बसलो होतो. तुम्ही तिथे नव्हतात. ज्या शाळेनं मला वाचायला शिकवलं तिच्या कपाटाची काळजी करायचा हक्क माझ्या मुलांच्या मिडियमनं जात नाही.

कारेलीबाग

हक्क जातो असं मी म्हटलं नाही. पण अकराची तेरा झाली असती, तुमचा आणि अजून एकाचा मुलगा धरून. एवढंच.

वाडीतला आजोबा

दोघेही थांबा. माझी नात नववीत आहे, घरी मराठी बोलते, वाचताना अडखळते. मी रविवारी तिला मांडवीला घेऊन जातो. पहिले तीन रविवार ती नुसती काचेच्या फरशीकडे बघत होती. चौथ्या रविवारी मराठी विभागातून एक पुस्तक स्वतः काढलं. शाळेचं कपाट उघडलं तरी मूल आपोआप पुस्तक उचलणार नाही. त्याच्याबरोबर कुणीतरी उभं राहायला हवं. कुलूप उघडू नये असं मात्र मी म्हणत नाही.

निवृत्त बाई, रावपुरा

आजोबा, तुमचं पटलं. वाचनाचा तास वेळापत्रकात असतो, पण बदली शिक्षक नसला की त्या तासाला वर्ग मैदानावर सोडतात. मीही सोडलेत. खोटं कशाला बोलू.

फतेगंजची आई

मला यादीतल्या एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. सहल.

१८ जानेवारी २०२४. हरणीच्या तलावावर शाळेची सहल, बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. माझा मुलगा त्या शाळेचा नव्हता. पण त्या संध्याकाळी आमच्या सोसायटीत एकाही घरात टीव्ही बंद नव्हता आणि कुणी जेवलं नव्हतं. यंदाच्या यादीत फक्त "सहल" लिहिलंय. कुठे, किती मुलांमागे किती शिक्षक, पाण्याजवळ जाणार का, बस कुणाची, यातलं काहीच नाही. खाली "संमतीपत्र दोन दिवसांत जमा करावे". मी कशाला संमती देतेय ते मला आधी कळायला हवं. सहल बंद करा असं मी म्हणणार नाही, मुलाला जायचंय. पण यादीत ठिकाण लिहिल्याशिवाय मी सही करणार नाही.

बारावीची आई

मीही करणार नाही.

निवृत्त बाई, रावपुरा

त्यात दोघी शिक्षिकाही गेल्या हे लोक विसरतात. तुम्ही लिहिलंत, बरं वाटलं. मी सहली नेल्या आहेत. पन्नास मुलं आणि आम्ही दोघी, हे मी स्वतः केलंय, आणि तेव्हा त्यात काही चूक वाटली नव्हती. आता आठवलं की हातापायांतलं बळ जातं. तुमची मागणी रास्त आहे.

कारेलीबाग

मूळ मुद्द्यावर येतो. मांजलपूरकरांचा प्रश्न मला पहिल्यांदा चिडखोर वाटला होता. कारण माझा मुलगा अभ्यासात सामान्य, पण जिल्ह्याला खेल महाकुंभात कबड्डी खेळला. तो यादीतल्या कार्यक्रमांवरच शाळेत टिकलाय. कार्यक्रम कमी करा असा सूर कुठे दिसला की मला त्याच्या पायाखालची जमीन काढतायत असं वाटतं. पण पुन्हा वाचलं, तुम्ही कमी करा म्हटलंच नाहीये. शेजारी तारखा टाका म्हणताय. यात विरोध करण्यासारखं मला काही सापडत नाही. शोधून पाहिलं.

फक्त एक. या तारखा शाळेनं कळवायच्या, की आपण पालकांनी? माझं मत, शाळेनं. आपण करायला लागलो की शाळा कायमची सुटली.

मांजलपूरकर

शाळेनंच. पण ताईंच्या मुलीचं वर्ष शाळा सुधारेपर्यंत थांबलं नाही. म्हणून यंदा दोन्ही करू. मी कच्ची यादी केलीय: एनएमएमएसचं नूतनीकरण, नमो लक्ष्मी, सायन्सवाल्यांना नमो सरस्वती, बोर्डाचा फॉर्म, गुजकेट, नीट, आणि बारावीनंतरची मुख्यमंत्री युवा स्वावलंबन शिष्यवृत्ती. समोर कागद: उत्पन्नाचा दाखला, आधार, आईचं पासबुक, गेल्या वर्षाची गुणपत्रिका. तारखा जाहीर होतील तशा भरायच्या. गुजराती आणि मराठी दोन्हींत. बाई, तुमचं गुजराती माझ्यापेक्षा शुद्ध आहे. तपासाल का?

आणि आनंदमेळ्याबद्दलचं तुमचं मी मान्य करतो. त्या मुलीची भेळ वाचल्यापासून ती ओळ मी यादीत जाड अक्षरात केलीय.

निवृत्त बाई, रावपुरा

तपासते. पण माझ्या दोन अटी आहेत. "कागदपत्रे सादर करावीत" असली भाषा नको, ताईंना कळेल अशी हवी. "आईचं नाव पासबुकावर आणि आधारवर सारखं आहे का बघा" असं लिहा, बारावीच्या आईंना विचारून. दुसरी अट, फळ्यावर ही यादी नाचाच्या यादीच्या वर लागली पाहिजे. मुख्याध्यापकांशी मी बोलेन, माझे विद्यार्थी आहेत ते.

दांडिया बाजार, क्लार्क सोमवारी येतोय. पडदे आणि ढोल हलवायला दोन माणसं लागतील. कारेलीबागवाल्यांनाही घेऊन या.

दांडिया बाजार

येतो. ते आले तर.

कारेलीबाग

सकाळी दहाला. उशीर करू नका.

निवृत्त बाई, रावपुरा

मांजलपूरकर, एक राहिलं. तुमच्या ताईंची मुलगी आता अकरावीत असेल ना? तिचं नमो लक्ष्मी नोंदवलंय का? दहावीचे बारा हजार गेले ते गेले. पण हे सुटू देऊ नका. शनिवारी दुपारी दोघींना माझ्याकडे पाठवा, पासबुक आणि दोघींची आधार कार्डं घेऊन. ताईंना म्हणावं, त्या दिवशी एका घरचं काम उशिरा झालं तरी चालेल, मी त्या घरी फोन करून सांगेन.

मांजलपूरकर

ते घर आमचंच आहे, बाई. पोळ्या मी करतो शनिवारी. पाठवतो दोघींना.